चांगुणाचा पेला दुसऱ्या मजल्यावर

माझं नाव अमीरबी. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत मी बत्तीस वर्षं बायकांचे कपडे शिवून राहिले. माझ्या नाकावर राग असतो असं गल्लीत सगळे म्हणतात. असतोच. पोट आत ओढून माप द्यायचं आणि मग ‘कमरेत घट्ट झालं’ म्हणून तोंड वाकडं करत परत आणायचं, असल्या गिऱ्हाइकांत ज्याचं डोकं शांत राहील त्याच्या दर्ग्यावर मी चादर चढवीन. पण आयुष्यात ज्या बाईवर मी सगळ्यात जास्त ओरडले, ती गिऱ्हाईक नव्हती. ती माझी शेजारीण, चांगुणा.

चांगुणा किल्लारीकडची. भूकंपानंतर दोन वर्षांनी नवरा शेषेराव आणि चार वर्षांची लेक ऋतुजा यांना घेऊन ती लातुरात आली. आमच्या गल्लीत तेव्हा दोन घरं रिकामी होती. एक स्लॅबचं, एक पत्र्याचं. भाडं सारखंच. चांगुणानं पत्र्याचं घेतलं. मी म्हटलं, “बाई, येडी हाय का तू? उन्हाळ्यात भाजून निघशील.” ती म्हणाली, “पत्रा पडला तर माणूस उठून बसतं.” तेव्हा मला कळलं ही काय बघून आलीय. त्या दिवसापासून आमची दोस्ती.

पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं. डॉक्टर व्हायला, इंजिनियर व्हायला गावोगावची पोरं शहरात आली. जिथं बघावं तिथं चार मजली इमारत, खाली झेरॉक्स, मधे क्लास, वर होस्टेल. चांगुणानं डबे सुरू केले. दहाचे वीस झाले, विसाचे साठ. पोरं तिला मावशी म्हणायची. पण डबा घेऊन ती इमारतीच्या दारापर्यंत जायची, पायरीला पाय लावायची न्हाई. पोरं वरून हाका मारायची, “मावशी, वर आणून द्या की!” ही खालून म्हणायची, “गुडघे दुखतात रं बाळा.” बिचारी पोरं तीन मजले उतरून खाली यायची.

झोपायची अंगणात. पावसाळ्यात पुढच्या पत्र्याच्या शेडात. ऋतुजा तिच्या कुशीत. आई घरात झोपलेली त्या पोरीनं कधी बघितलीच न्हाई. आणि चांगुणा जिथं बसेल तिथं तिच्या शेजारी स्टीलचा एक पेला असायचा, पाण्यानं अर्धा भरलेला. पिण्यासाठी न्हाई, बघण्यासाठी. जमीन हलली तर आधी पाणी हलंल, आणि आपल्याला कळंल, असा तिचा हिशेब. एकदा मला ठसका लागला म्हणून मी तो पेला उचलला, तर तिनं माझ्या हातावर फटका मारला आणि आत जाऊन दुसरं पाणी आणून दिलं. तोवर मी खोकून खोकून अर्धी मेले होते.

अशी चोवीस वर्षं गेली. ऋतुजा शिकली, जीवशास्त्रात एम. एस्सी. झाली, लग्न होऊन नांदेडला गेली आणि तिथल्या एका क्लासमधे शिकवायला लागली. ज्या क्लासच्या पोरांना आईनं डबे घातले, तसल्याच क्लासात लेक फळ्यापुढं उभी राहिली. चांगुणानं त्या दिवशी साठही डब्यांत शिरा घातला होता. शेषेराव म्हणाला, “साखर संपली.” ती म्हणाली, “संपू द्या.”

तर दिवाळी झाल्यावर एक दिवस कशिश नावाची एक पोरगी माझ्या दुकानात आली आणि कागद देऊन गेली. ‘फक्त महिलांसाठी जिम. बारा मशीन, तीस मिनिटं. पहिले सात दिवस मोफत.’ मला शुगर. डॉक्टरनं चारदा सांगितलं होतं, वजन उतरवा. पण एकटीनं जायला मला लाज वाटत होती. मी कागद घेऊन चांगुणाच्या ओट्यावर गेले. ती मेथी निवडत होती.

“मी दिवसाला दोनशे पोळ्या लाटते,” ती म्हणाली. “मला कशाला पाहिजे मशीन?”

“पोळ्यांनी हात चालतात. पोट कुठं चालतं?”

“बारा मशीनवर करतात काय पण?”

“गोल मांडलेली असतात म्हणे. अर्धं मिनिट एकावर बसायचं, घंटा वाजली की उठून पुढच्या जागेवर जायचं.”

“संगीत खुर्चीच की गं! त्याचे पैसे घेतात?”

शेषेराव ओट्याच्या कडेला बसून पेपर वाचत होता. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, “तीन महिन्यांची फी म्हणजे तीन सिलेंडर.” तेवढ्यावर विषय संपला असता. पण तेवढ्यात फोन वाजला. ऋतुजाचा. चांगुणा मेथीच्या हातानं बटण दाबते, म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर.

“आई, ताबा मिळाला! आपलं घर झालं! माघात वास्तुशांती करायची म्हणतोय.”

चांगुणाच्या मांडीवरची मेथी खाली सांडली. “कुठं गं? कसं हाय?”

“दोन बेडरूम. चौथा मजला. लई उजेड आहे, आई.”

मी चांगुणाकडं बघितलं. लेकीच्या भाड्याच्या घरी ती जायची, कारण ते तळमजल्याला होतं.

“आणि दूध तूच उतू घालायचं,” ऋतुजा सांगत होती. नव्या घरात पहिल्यांदा शेगडी पेटवतात, दूध तापवतात आणि मुद्दाम उतू जाऊ देतात, घर भरलेलं राहावं म्हणून. “तुझ्या हातानं उतू गेलं तरच. तू आली नाहीस तर मी गॅस पेटवणार नाही. बाहेरून डबा लावीन.”

“माझे गुडघे गं बाळा... चौथा मजला...”

“लिफ्ट आहे.”

“लिफ्टमधे तर मुळीच न्हाई.”

मग ऋतुजा हळू आवाजात म्हणाली, “तीन महिने आहेत, आई. गुडघ्यांचं काहीतरी कर.”

फोन ठेवल्यावर चांगुणानं सांडलेली मेथी एक एक काडी उचलली. सगळी उचलून झाल्यावर मला म्हणाली, “अमीरबी, ते मशीन गुडघ्याला चालतं का गं?”

आता मला पक्कं माहीत होतं, तिच्या गुडघ्याला काडीचंही झालेलं न्हाई. भाजीचा गाडा पुढं निघून जायला लागला की ही बाई पळत जाऊन गाडा अडवते. पण मी बोलले न्हाई. मी गप्प बसले, हे कुठंतरी लिहून ठेवा, असं वर्षातून एकदा होतं.

जिमला साडी चालत न्हाई म्हणून मी तिला पंजाबी ड्रेस शिवला. पन्नाशीला आलेल्या बाईचा आयुष्यातला पहिला. जांभळा, त्यावर बारीक पांढरे ठिपके. पहिल्या दिवशी घालून ती बाहेर आली तेव्हा शेषेरावानं चष्मा सरळ केला आणि म्हणाला, “कोण पाहिजे आपल्याला? चांगुणा आत हाय.” ती लाजून पुन्हा आत पळाली. मी हाताला धरून ओढून काढली.

जिम दुसऱ्या मजल्यावर होती. खाली चहाची टपरी आणि दुकानं, पहिल्या मजल्यावर जीवशास्त्राचा क्लास, त्याच्या वर आमची मशीनं. चांगुणा जिन्यापर्यंत आली आणि थांबली. “तू हो पुढं, मी दम खाऊन येते.” मी वर गेले. अर्धा तास घामाघूम होऊन खाली आले, तर ही टपरीच्या बाकड्यावर, शेजारी पेला. पिशवीतून आणला होता.

“कसं हाय वर?” तिनं विचारलं.

“चांगलं हाय. मशीनं गार, पोरगी गोड.”

“खांब किती हायत?”

“मी खांब मोजायला गेले होते का?”

दुसऱ्या दिवशी तेच. भिंतीला चीर हाय का, दार बाहेर उघडतं का आत, हे सगळं तिनं विचारून घेतलं. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. “फुकटचे सात दिवस! त्यातले तीन तू बाकड्यावर बसून घालवलेस! बाकड्यावर बसून कुणाचे गुडघे बरे झालेत का जगात?” टपरीवरची सगळी माणसं आमच्याकडं बघायला लागली. चांगुणा पेल्याकडं बघत राहिली.

चौथ्या दिवशी कशिश स्वतः खाली आली. पोरगी चोवीस-पंचवीसची, व्यायामाचं शिकलेली, शिट्टी गळ्यात. ती चांगुणाशेजारी बाकड्यावर बसली आणि पेल्याला हात न लावता विचारलं, “काकू, हा कशाला?” चांगुणानं सांगितलं. एवढंच की पाणी हललं तर कळतं. कशिशला हसू आलं न्हाई, ह्याबद्दल मी तिला अजून दुवा देते. ती म्हणाली, “मग तो वर आणा की. मी खिडकीत ठेवते. तुम्ही त्याच्याकडं बघत व्यायाम करा.”

चांगुणानं माझ्याकडं बघितलं. मग पेला दोन्ही हातांत धरला आणि उठली. अडतीस पायऱ्या. ती तोंडातल्या तोंडात मोजत चढली, पाण्याचा थेंब सांडू दिला न्हाई. चोवीस वर्षांत पहिल्यांदा ती वरच्या मजल्यावर उभी होती. कशिशनं पेला खिडकीत ठेवला. चांगुणाला खिडकीसमोरच्या मशीनवर बसवलं.

आता त्या जिमची एक रीत होती. दोन मशीनच्या मधे जमिनीवर लाकडी फळी. घंटा वाजली की मशीनवरच्या बायका फळीवर जायच्या आणि जागच्या जागी धावायच्या, फळीवरच्या बायका मशीनवर बसायच्या. त्या दिवशी बायका भरपूर होत्या. घंटा वाजली, दहा-बारा बायका फळ्यांवर चढल्या आणि धाड धाड धाड सुरू झालं. त्यातल्या निम्म्या माझ्या अंगाच्या.

खिडकीतलं पाणी हललं.

“भूकंप!” चांगुणा ओरडली. “भूकंप! निघा! निघा बाहेर!”

लातुरात ह्या शब्दाला ‘काय म्हणालात?’ असं कुणी विचारत न्हाई. चपला टाकून बायका जिन्याकडं पळाल्या. कशिश पळाली. चांगुणा एकेकीला दंडाला धरून दाराबाहेर काढत होती. मग खालून तिचा आवाज ऐकू आला. क्लासच्या दारावर ती दोन्ही हातांनी बडवत होती. “लेकरांनो, निघा! दप्तरं टाका! निघा!” दोनशे पोरं जिन्यावरून खाली गेली, सगळी इमारत खरंच हादरली.

आणि मी? मी वर. एकटी. पायाच्या मशीनच्या दांड्यात माझी ओढणी अडकली होती. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या ओढण्या शिवते, आणि स्वतःच्या ओढणीनं मला मशीनला बांधून ठेवलं. मी कलमा पढायला लागले. करीम आठवला, म्हणजे माझा नवरा. भाजीत मीठ जास्त म्हणाला म्हणून सकाळीच मी त्याला बोलले होते.

जिन्यावर पावलं वाजली. कुणीतरी वर पळत येत होतं. जांभळ्या ड्रेसवर पांढरे ठिपके. चांगुणानं एक शब्द न बोलता माझी ओढणी धरली, टरकन फाडली, मला मशीनवरून उपसलं आणि ओढत अडतीस पायऱ्या खाली आणलं.

रस्त्यावर ही गर्दी. पोरं आनंदात होती, कारण परीक्षा चालू होती आणि ती बुडाली. कुणी औशाला फोन लावला, कुणी रेणापूरला. कुठंच काही न्हाई. इमारत जशीच्या तशी उभी. सगळ्यांनी विचारलं, भूकंप कळला कुणाला? सगळ्यांनी चांगुणाकडं बोट केलं. कशिश वर जाऊन आली आणि अवघडून म्हणाली, “काकू, पाणी आपल्याच उड्यांनी हललं.”

मग लोक हसले. क्लासच्या सरांनी दोन कडक शब्द ऐकवले. पोरांनी मावशीला ओळखलं आणि ओरडली, “मावशी, उद्या पण या! उद्या रसायनशास्त्र आहे!” चांगुणानं डोक्यावरून ओढणी घेतली, खाली मान घातली आणि घराकडं चालायला लागली. पेला वरच राहिला.

संध्याकाळी मी फाटकी ओढणी घेऊन तिच्या अंगणात गेले. ती कणीक मळत होती.

“ही बघ. काय केलंस.”

“दुसरी घेऊन देते,” ती म्हणाली. “आणि त्या जिमला मी आता येत न्हाई. गावभर हसं झालं.”

“ओढणी जाऊ दे. मला एक सांग. तुला खरंच वाटत होतं ना, इमारत पडून राहिलीय म्हणून?”

“हाव.”

“तू खाली रस्त्यावर पोचली होतीस?”

“हाव.”

“मग वर कशाला आलीस?”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी आज वार कोणता विचारला. “तू वर होतीस की.”

मला रडू फुटलं. रडू फुटलं की मला राग येतो, म्हणून मी जोरात ओरडले. “पडत्या इमारतीत चढतेस तू! एका दमात! गुडघ्याचं नाव न काढता! आणि लेकीच्या चांगल्या उभ्या घरात चढायचं म्हटलं की तुला गुडघे आठवतात? लाज न्हाई वाटत?”

चांगुणानं परातीतून हात काढले. बराच वेळ बोटांची कणीक सोलत राहिली. मग म्हणाली, “गुडघ्याला काही झालेलं न्हाई.”

“मला माहीत हाय.”

“त्या पहाटे आम्ही नऊ तास खाली होतो, अमीरबी. हे रानात होते म्हणून वाचले. सासू, जावा, सगळ्या तिथंच गेल्या. ऋतुजा माझ्या छातीवर होती. दोन वर्षांची. वर दगड, माती. ती पाणी पाणी करत होती. उशाशी पाण्यानं भरलेला पेला होता. मला बोटांना लागत होता. पण हात वळत नव्हता गं. नऊ तास मी तिला घोटभर पाणी देऊ शकले न्हाई.”

एवढ्या वर्षांत हे तिनं मला सांगितलं नव्हतं. मी तिच्या शेजारी खाली बसले.

“तिला त्यातलं काही आठवत न्हाई,” चांगुणा म्हणाली. “देवाची कृपा. आता तिनं आपल्या कमाईनं घर घेतलंय. मी तिथं गेले, माझे हातपाय कापायला लागले, आणि तिनं माझा चेहरा बघितला तर? मग तिला त्या घरात झोप लागंल का? माझं भ्या तिच्या घरात न्यायचं न्हाई मला. त्यापेक्षा म्हातारी गुडघ्यानं अडली, एवढंच तिला कळू दे.”

मी माझ्या फाटक्या ओढणीनं आधी माझं नाक पुसलं, मग तिचे डोळे. मग म्हटलं, “माघाला तीन महिने हायत. जिमची फी पण तीन महिन्यांची हाय.”

“एवढे पैसे घालण्यासारखं हाय का ते, खरं सांग.”

“मशीनसाठी न्हाई,” मी म्हणाले. “तसला व्यायाम घरी पण होईल. पण अडतीस पायऱ्या आपल्या गल्लीत कुणाकडं हायत?”

तिला हसू आलं. डोळे पुसता पुसता हसू आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी फी भरली. मला वाटलं होतं बायका तिला टोमणे मारतील. दोघी-तिघींनी मारलेही. पण एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “माझी सून पळाली, मला ह्या बाईनं हाताला धरून खाली नेलं. हसायचं असंल तर माझ्या सुनेला हसा.” सून बारा नंबरच्या मशीनवरच होती. त्यानंतर कुणी बोललं न्हाई. क्लासचे सर पण पुढच्या महिन्यात आले आणि स्वतःचा डबा लावून गेले. सगळ्या पोरांना आधी बाहेर काढून मग ती बाई परत वर गेली होती, हे त्यांना पोरांकडून कळलं होतं.

पेला रोज खिडकीत. पहिले पंधरा दिवस घंटा वाजून फळ्यांवर धाड धाड सुरू झालं की चांगुणाचा चेहरा पांढरा पडायचा. ती मशीनचा दांडा घट्ट धरायची. पण उठली न्हाई. मग हळूहळू ती पाण्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागली. एक दिवस मला म्हणाली, “हे बारीक हलणं कशिशचं. आणि हे बघ, आता आलं ते तुझं.”

“माझं कशावरून?”

“काठापर्यंत आलं.”

सगळी जिम हसली. मी रागावून दोन दिवस तिच्याशी बोलले न्हाई. पण खरं सांगते, महिनाअखेरीला माझी शुगर उतरली. दुसऱ्या महिन्यात पाणी काठापर्यंत येईना, तेव्हा चांगुणानं सगळ्यांना खिडकीपाशी बोलावून दाखवलं आणि कशिशनं शिट्टी वाजवली. डबे घेऊन चांगुणा आता पोरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत जायला लागली होती. पोरं म्हणायची, “मावशी, गुडघे?” ही म्हणायची, “गेले परीक्षेला.”

माघ आला. आम्ही जीप केली. चांगुणा, शेषेराव, मी आणि करीम. करीम गाद्या भरतो. त्यानं ऋतुजाच्या नव्या घरासाठी स्वतःच्या हातानं कापूस पिंजून गादी भरली होती, ती टपावर बांधली. अहमदपूरला चहा घेतला. तिथपर्यंत चांगुणा भरभरून बोलत होती. पेला तिच्या मांडीवर, रिकामा, रुमालात गुंडाळलेला.

नांदेडला इमारतीखाली जावई, शिवम, लिफ्टचं दार धरून उभा होता. चांगुणानं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि विचारलं, “जिना कुठं हाय?”

ती पुढं, मी मागं. पहिला मजला. दुसरा मजला. तिथं ती थांबली. मी म्हटलं, “अडतीस झाल्या. इथवर तर रोजचं हाय.” ती म्हणाली, “हाव, पुढचं फीत बसत न्हाई.” आणि चढली. तिसऱ्या मजल्यावर तिनं माझा हात धरला. मी माझ्या जन्मात तेवढी हळू बोलले नसेन, म्हणाले, “मी तुझ्या मागं हाय. तू माझ्यासाठी आली होतीस ना? चल.”

चौथ्या मजल्यावर ऋतुजा दारात उभी होती. आई जिन्यावरून येईल असं तिला वाटलंच नव्हतं. तिनं तोंडावर हात धरला. चांगुणा उंबऱ्यावर क्षणभर थांबली, वर स्लॅबकडं बघितलं, खांब मोजले, मी बघितलं तिला मोजताना, आणि उजवा पाय आत टाकला.

गुरुजींची पूजा झाली. चांगुणानं शेगडी पेटवली. दूध वर आलं, फुगलं आणि चारही बाजूंनी उतू गेलं. ऋतुजा टाळ्या पिटत होती, लहान पोरीसारखी. मग पुरणपोळी. करीमनं चार खाल्ल्या आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. पाहुणे पांगले. करीमची गादी हॉलमधे अंथरली होती. चांगुणा त्या गादीवर टेकली, पिशवीतून पेला काढला आणि ऋतुजाला म्हणाली, “जरा पाणी आण ह्यात. अर्धा.” ऋतुजानं आणून शेजारी ठेवला. लेकीला ती सवय लहानपणापासून ठाऊक होती.

आम्ही बोलत बसलो होतो. एवढ्यात वरून धाड धाड आवाज झाला. पेल्यातलं पाणी हललं. बारीक बारीक वर्तुळं, काठापर्यंत.

ऋतुजाचा चेहरा उतरला. शेषेराव अर्धा उठला. मी चांगुणाकडं बघत होते. चांगुणा पाण्याकडं बघत राहिली. एक क्षण, दोन क्षण. कान वर लावला.

“पोरं हायत,” ती म्हणाली. “दोन. उड्या मारून राहिलीत.”

मग तिनं तो पेला उचलला. तिनं लेकीचा हात धरला, जवळ बसवलं आणि पेला तिच्या ओठाला लावला. “पी,” म्हणाली. “पी बाळा, पाणी.”

ऋतुजाला काही कळलं न्हाई. सकाळपासून धावपळ झाली होती, तहान लागली असंल. ती गटागटा प्यायली. आई तिच्या गळ्याकडं बघत होती, घोट खाली उतरताना. पेला रिकामा झाल्यावर चांगुणानं तो उपडा ठेवला. मी उठून गॅलरीत गेले, कारण मला तिथं कुणावर तरी ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला कुणी नव्हतं.

परत आले तर सगळे गप्प बसले होते. शेषेरावानं तोंडावर बोट ठेवलं. चांगुणा करीमच्या गादीवर, स्लॅबखाली, चौथ्या मजल्यावर, भर दुपारी झोपली होती. घोरत होती. वर पोरांच्या उड्या चालूच होत्या. ऋतुजा गादीच्या कडेला बसून आईकडं बघत होती, अठ्ठावीस वर्षांची बाई, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ती मला कुजबुजून म्हणाली, “मावशी, आई घरात झोपली.”

“बघितलं,” मी म्हणाले. “आता तिला उठवू नको. उद्या सकाळी सातला जिम हाय, पण एक दिवस बुडाली तर चालतं.”